सार्वजनिक जलतरण तलाव : सामाजिक इतिहास आणि कंपन्यांचा पैसा

नगरपालिका, विश्वस्त संस्था किंवा कंपनीने लोकांना पोहण्यासाठी बांधलेला तलाव. त्याच्या सामाजिक इतिहासात दोन प्रश्न सतत पुढे येतात : खर्च कोणी उचलला आणि पाण्यात उतरू कोणाला दिले?

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पोहण्याची हौस ही गोष्ट दुय्यम होती. गिरण्यांच्या शहरांतील दाट वस्ती आणि साथीचे रोग पाहून १८४६ मध्ये कायदा झाला व स्थानिक संस्थांना सार्वजनिक स्नानगृहे आणि धुलाईघरे बांधण्याची मुभा मिळाली. त्यांतूनच पुढे तलाव आले, आणि आगगाडीसारखे त्यांचेही वर्ग पडले. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्समध्ये (१९०६) पुरुषांचा पहिला वर्ग, पुरुषांचा दुसरा वर्ग आणि स्त्रिया असे तीन तलाव होते. ताजे पाणी आधी पहिल्या वर्गात सोडत. तेथे वापरून झालेले दुसऱ्या वर्गात आणि सर्वांत शेवटी स्त्रियांच्या तलावात जाई. समाजाची उतरंड इतक्या उघडपणे नळजोडणीत क्वचितच उतरली असेल.

याच काळात पोर्ट सनलाइट येथे लिव्हर या साबण कंपनीने आणि बोर्नव्हिल येथे कॅडबरीने कामगारांसाठी तलाव बांधले. कॅडबरी कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, त्यामुळे त्यामागे धर्मश्रद्धा होती. निरोगी कामगार मालकाला हवाच असतो, हाही हिशेब होता. ब्रिटिशांच्या ताब्यातील देशांत मात्र वर्गाची जागा वंशाने घेतली. मुंबईतील ब्रीच कँडीचा तलाव १८७० च्या दशकातला. तो युरोपीयांसाठी राखीव होता आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ भारतीयांना दार बंदच राहिले. गंमत अशी, की तेथील मोठ्या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा आहे.

अमेरिकेत हा इतिहास सर्वांत तीव्रपणे घडला. उत्तरेकडील शहरांतील सुरुवातीचे पालिका तलाव गरीब वस्त्यांत होते. स्त्रिया व पुरुष वेगवेगळ्या दिवशी येत. काळे आणि गोरे कामगार अनेक ठिकाणी एकत्रच पोहत. १९२० नंतर चित्र पालटले. तलाव मोठे झाले, भोवती वाळू आणि हिरवळ आली, मध्यमवर्ग येऊ लागला आणि स्त्री-पुरुषांना एकाच वेळी प्रवेश मिळाला. नेमके तेव्हाच काळ्यांना बाहेर काढले गेले. तोकड्या पोहण्याच्या कपड्यांतील गोऱ्या स्त्रियांजवळ काळे पुरुष नकोत, ही भीती त्यामागे होती; रोगराईचे कारण जोडीला पुढे केले जाई. १९३१ मध्ये पिट्सबर्गच्या हायलँड पार्क तलावात उतरलेल्या काळ्या तरुणांना जमावाने मारहाण केली. मंदीच्या काळात सरकारी पैशातून देशभर शेकडो नवे तलाव झाले, एकट्या न्यूयॉर्कमध्ये १९३६ च्या उन्हाळ्यात ११. पण पैसा सर्वांचा असला तरी पाणी सर्वांचे झाले नाही.

२१ जून १९४९ रोजी सेंट लुइसच्या फेअरग्राउंड पार्कमधील प्रचंड तलाव काळ्या मुलांना खुला होताच दंगल उसळली. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला, तेव्हा गोऱ्यांनी तिकडे पाठ फिरवली आणि काही वर्षांतच तलाव बंद पडला. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन येथे एका मोटेलच्या तलावात काळे-गोरे आंदोलक एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले. त्या प्रसंगाच्या छायाचित्राने जग हादरले. दुसऱ्याच दिवशी सार्वजनिक ठिकाणच्या वंशभेदाला बंदी घालणारे नागरी हक्क विधेयक सिनेटमध्ये संमत झाले.

कायदा झाला तरी पळवाट उरली. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी बंदच केले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवले : तलाव दोघांनाही बंद, म्हणजे भेदभाव नाही! हा तर्क कागदावर बिनतोड आणि व्यवहारात क्रूर होता. ज्यांना परवडत होते ते उपनगरांतील खासगी क्लबांकडे आणि परसातल्या तलावांकडे वळले. करदात्यांचा ओढा आटला तशी पालिका तलावांची देखभालही आटली. अशा क्लबांना वंशावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे वॉशिंग्टनजवळच्या एका क्लबच्या खटल्यात १९७३ मध्ये ठरले.

परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ज्या आईबापांना पोहता येत नाही, त्यांची मुलेही बहुधा शिकत नाहीत. १९९९ ते २०१९ या काळात तेथे १० ते १४ वयोगटातील काळ्या मुलांचे तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या ७.६ पट होते. या पोकळीत कंपन्यांचा पैसा आला. अमेरिकी जलतरण संघटनेच्या ‘मेक अ स्प्लॅश’ या पोहणे शिकवण्याच्या मोहिमेला कोनोकोफिलिप्स या तेल कंपनीने साहाय्य केले. बालपणी बुडता बुडता वाचलेला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रिलेत सुवर्णपदक मिळवणारा कलन जोन्स तिचा चेहरा होता. मोहीम उपयुक्तच, पण शिकवणीचा खर्च देणे आणि वस्तीतला तलाव वर्षानुवर्षे चालवणे यांत फार अंतर आहे.

भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. ऑलिंपिक व ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण अशा कामांच्या यादीत आहे. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च मात्र धरला जात नाही; म्हणजे बोर्नव्हिलचा तलाव आज या हिशेबात बसला नसता. २०२१ च्या नियमांनुसार अशा निधीतून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत न्यास वा संस्था, लाभार्थी किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. दीर्घ मुदतीच्या प्रकल्पालाही, सुरुवातीचे वर्ष सोडून, तीन वर्षांची मर्यादा आहे. त्यानंतर क्लोरिन, गाळणयंत्रे आणि जीवरक्षकांचे पगार यांचा भार ज्याच्या ताब्यात तलाव असेल त्याच्यावर, बहुतेकदा पालिकेवर, पडतो.