स्लूडल

'सेकंड लाइफ' हे त्रिमितीय आभासी जग आणि 'मूडल' ही ऑनलाइन अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली यांना जोडणारी मुक्तस्रोत आज्ञावली. संस्थेच्या सर्व्हरवर बसणारा मूडलचा जोडभाग आणि आभासी जगात मांडायच्या खुर्ची, फलक, पेटी अशा वस्तू, असे तिचे दोन भाग. मुख्यतः उच्च शिक्षणात, साधारणतः २००७ ते २०१२ या काळात ती वापरात होती.

नाव व उगम. मूडलची पहिली आवृत्ती मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने सेकंड लाइफ २००३ मध्ये खुले केले. दोन्हींचा सांधा जुळवण्याचे श्रेय सॅन होजे राज्य विद्यापीठाचे जेरेमी केम्प आणि स्कॉटलंडमधील पेझली विद्यापीठाचे (नंतरचे 'युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ स्कॉटलंड') डॅनियल लिव्हिंगस्टन यांना दिले जाते. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या सेकंड लाइफ शिक्षण कार्यशाळेतील त्यांचा निबंध हा सर्वसाधारणपणे आरंभबिंदू मानतात. त्यात अध्ययन-प्रणालीवर आभासी जगाचे 'आवरण' चढवण्याची कल्पना होती. प्रत्यक्षात आवरण असे झाले नाही, सुटी साधने तयार झाली. म्हणून २००६ हे साल कल्पनेचे समजावे, वापरण्याजोग्या आज्ञावलीचे नव्हे. पुढच्या विकासाला ब्रिटनच्या एड्युसर्व्ह प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य मिळाले.

नावाची फोड दोन प्रकारे होते. सेकंड लाइफची आद्याक्षरे 'मूडल'ला जोडली, ही एक. 'सिम्युलेशन लिंक्ड ऑब्जेक्ट ओरिएंटेड डायनॅमिक लर्निंग एन्व्हायरन्मेंट' या विस्ताराचा संक्षेप, ही दुसरी. विस्तारातील शेवटचे पाच शब्द मूडलच्या विस्तारातूनच आले आहेत. 'मॉड्युलर'च्या जागी 'सिम्युलेशन लिंक्ड' तेवढे नवे. तेव्हा आधी नाव सुचले आणि विस्तार मागाहून बसवला, असे मानणे अधिक सयुक्तिक.

जोडणी. मूडलच्या अभ्यासक्रमात 'नियंत्रक' हा घटक घालून त्याला केवळ अंकांचा पासवर्ड देतात. तो ५ ते ९ अंकी असावा आणि शून्याने सुरू होऊ नये. सेकंड लाइफच्या एलएसएल भाषेत पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असल्याने नऊ अंक त्यात निर्धोक बसतात, आणि पूर्णांकात आरंभीचे शून्य टिकत नाही. सर्व्हरचा पत्ता, नियंत्रकाचा क्रमांक इत्यादी माहिती सुरुवातीच्या आवृत्त्यांत वस्तूच्या पोटातील नोटकार्डात (सेकंड लाइफमधील मजकुराच्या चिठ्ठीत), प्रत्येक ओळीवर एक याप्रमाणे लिहीत. वस्तू मूडलच्या सर्व्हरला एचटीटीपी (वेबवरची) विनंती पाठवते. उत्तराच्या पहिल्या ओळीत स्थितिदर्शक अंक येतो आणि तो ऋण असल्यास काहीतरी चुकले आहे असे समजावे.

खरा कळीचा भाग नोंदणीकक्ष. बाकी साधने त्याच्या जिवावर चालतात. २०१० पर्यंत अवताराचे (आभासी जगातील वापरकर्त्याच्या रूपाचे) आडनाव ठरावीक यादीतूनच निवडावे लागे, त्यामुळे समोरचा अवतार हजेरीपटावरील कोण, हे शिक्षकाला कळत नसे. विद्यार्थी कक्षाला स्पर्श करतो, ब्राउझरमध्ये दुवा उघडतो, तिथे तो मूडलमध्ये लॉगिन करतो आणि अवताराची ३६ वर्णांची ओळखसंख्या त्याच्या मूडल खात्याशी बांधली जाते. मूडलचा पासवर्ड आभासी जगात टाइप करावाच लागत नाही, हे या रचनेचे मोठे शहाणपण.

साधने व अडचणी. 'वेब-इंटरकॉम' दोन्हीकडची गप्पा-चर्चा एकमेकांत पोचवतो. साधे बोलणे २० मीटरपर्यंतच ऐकू जाते. मागच्या रांगेतले अवतार त्याच्या बाहेर उभे असतील तर त्यांचे शब्द मूडलमध्ये उमटत नाहीत. एका वस्तूला २० सेकंदांत २५ विनंत्यांची मर्यादा असे. प्रत्येक वाक्याला एक विनंती धरली तर तीस जणांचा वर्ग एका दमात बोलू लागताच काही वाक्ये गळतात.

'प्रश्नखुर्ची' बरोबर उत्तराला वर जाते, चुकीच्या उत्तराला खाली येते. प्रश्न मूडलच्या प्रश्नसंचातून येतात. निबंधवजा प्रश्न चालत नाहीत. देवनागरीत इथे जास्त अडते. पर्याय दाखवणाऱ्या संवादचौकटीतील बटणावर २४ बाइट मावतात आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे आठच चिन्हे. 'महाराष्ट्र' या शब्दात काना व हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, ३० बाइट; तो बटणावर बसत नाही. पर्याय चौकटीच्या मजकुरात लिहून बटणांवर १, २, ३ एवढेच ठेवणे हा उपाय, पण मजकुरालाही सुमारे ५१२ बाइट, म्हणजे जेमतेम १७० चिन्हे मिळतात. प्रश्न आणि चार पर्याय त्यात कोंबायचे!

'प्रिमड्रॉप' पेटीत विद्यार्थी स्वतः घडवलेली वस्तू टाकतो व तिची नोंद मूडलमधील स्वाध्यायात होते. हस्तांतराची परवानगी बंद असलेली वस्तू पेटी स्वीकारत नाही. नक्कल करण्याची परवानगी बंद असेल तर वस्तू टाकताच विद्यार्थ्याच्या हातची जाते. स्लाइड दाखवणारा 'प्रेझेंटर' सेकंड लाइफमधील भूखंडाला जोडलेल्या माध्यमव्यवस्थेवर चालतो, म्हणून फलकाचा मालक व जमिनीचा मालक एकच असावा लागतो. जमीन गटाच्या नावावर असल्यास फलकही गटाच्या नावे करावा. हे राहून गेले की फलक कोराच दिसतो आणि दोष उगाच सर्व्हरला दिला जातो.

उत्तरकाल. सेकंड लाइफमधील एका खासगी प्रदेशाचे (२५६ × २५६ मी. आभासी जमिनीचे) मासिक भाडे २९५ डॉलर होते; शैक्षणिक संस्थांना ते निम्म्यात मिळे. ही सवलत जानेवारी २०११ पासून बंद झाली आणि बऱ्याच संस्था 'ओपनसिम' या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या पर्यायाकडे वळल्या. २०१३ मध्ये सवलत पुन्हा मिळू लागली, तोवर ओघ आटला होता. दरम्यान, २०१० च्या अखेरीस मूडलची दुसरी मालिका आल्याने जुना जोडभाग नव्याने लिहावा लागला. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत मूडल आजही वापरात आहे.