तीन शाया सारख्या टक्क्यांत, तरी राखाडी का येत नाही?

सायन (निळसर), मजेंटा (गडद गुलाबी) आणि यलो या छपाईच्या शाया सारख्याच टक्क्यांत, म्हणजे ठिपक्यांनी सारखाच कागद व्यापून, छापल्या की शुद्ध राखाडी मिळतो, असं ऑफसेट छपाईवाल्यांत कायम सांगितलं जातं. ते चूक आहे. तिन्ही ५०-५० टक्के छापून बघा, तपकिरीकडे झुकलेला रंग येईल. दोष मशीनचा नाही, शाईचा स्वभावच तसा. सायनने फक्त लाल प्रकाश शोषायला हवा. प्रत्यक्षात ती थोडा हिरवा आणि निळाही शोषते. म्हणून कलर बारवरच्या (कागदाच्या कडेला तपासणीसाठी छापलेल्या रंगपट्टीवरच्या) ग्रे पॅचमध्ये, म्हणजे राखाडी चौकोनात, साधारण सायन ५०, मजेंटा ४०, यलो ४० ठेवतात आणि शेजारी ५० टक्के काळा. दोन्ही चौकोन जुळायला हवेत. अर्थात कागदच पिवळसर असेल तर राखाडीही तसाच दिसणार.

‘सॉलिडची (१०० टक्के शाईच्या पॅचची) डेन्सिटी, म्हणजे शाईचा गडदपणा, बरोबर आहे, मग ग्रे बघायचा कशाला?’ हा प्रश्न तर नेहमीचाच. पण सॉलिड पॅच डॉट गेन, म्हणजे छापताना ठिपक्यांचं फुगणं, दाखवत नाही. मजेंटाच्या युनिटवर ब्लँकेटचा (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी आवरणाचा) दाब जास्त असेल, तर सॉलिडची डेन्सिटी जागेवर राहूनही ग्रे पॅच लालसर होतो आणि फोटोतले चेहरेही. अशा वेळी शाई कमी-जास्त करणाऱ्या चाव्या फिरवण्याआधी ब्लँकेट आणि प्लेट ओली ठेवणारं पाणी तपासा. आणि पॅच ट्यूबलाइटखाली नको, ५००० केल्विनच्या प्रमाणित उजेडात बघा.