हेलियम, विजयदुर्ग आणि १८ ऑगस्ट

ऑगस्ट अर्धा सरला की तो फॉरवर्ड येतोच. ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.’ खाली किल्ल्याचा फोटो आणि जागतिक हेलियम दिनाच्या शुभेच्छा. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात ते खरे आहेत, लॉकियर तिथे येऊन गेला हेही खरं. फक्त तो आला १८९८च्या जानेवारीत. १८६८च्या ऑगस्टमध्ये हा गृहस्थ इंग्लंडात होता, वॉर ऑफिसात कारकुनी करत होता आणि बनवायला टाकलेला वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं उपकरण) हातात कधी पडतो याची वाट बघत होता.

मग १८ ऑगस्टला झालं काय? खग्रास सूर्यग्रहण. चंद्राची सावली एडनकडून अरबी समुद्र ओलांडून दक्षिण कोकणात शिरली आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण करत बंगालच्या उपसागरात उतरली. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून होता (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू), मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेला पिएर जान्सेन. तिकडे सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा मोंगकुट स्वतः गणित मांडून लवाजम्यासह ग्रहण बघायला गेला, तिथल्या दलदलीत त्याला मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबरला तो वारला. थायलंडमध्ये आजही १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्यांचा दिनविशेष निदान बरोबर आहे.

या सगळ्यांना बघायचे होते ते खग्रास स्थितीत सूर्याच्या कडेवर दिसणारे तांबडे तुरे, म्हणजे प्रॉमिनन्स. ते चंद्राचे नसून सूर्याचेच आहेत हे १८६०च्या ग्रहणात फोटो काढून नक्की झालं होतं. पण ते कशाचे बनलेत? किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी जेमतेम आठ-नऊ वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की तापलेला विरळ वायू सगळे रंग देत नाही, ठरावीक रंगांच्या रेषाच देतो. त्या दिवशी लोलकातून पाहिल्यावर तुऱ्यांच्या वर्णपटात तशाच चकचकीत रेषा दिसल्या. म्हणजे तुरे वायूचे. तांबडी आणि निळसर रेषा हायड्रोजनच्या निघाल्या. एक पिवळी रेषा होती, ती बहुतेकांनी सोडियमची म्हणून टिपून ठेवली. हातात पाच-सहा मिनिटं असताना कोण काटेकोर मोजत बसणार? पॉगसनला ती सोडियमच्या जागी नेमकी बसत नाही अशी शंका आली, पण तेवढंच.

जान्सेनला मात्र रेषांच्या चकाकीने झपाटलं. इतक्या तेजस्वी रेषा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य वर येताच त्याने वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेला लावली आणि रेषा हजर! माझ्या लेखी खरा दिनविशेष हा १९ ऑगस्टचा आहे, आणि तो कुठल्याच कॅलेंडरात नाही.

हे कसं जमलं ते नीट पाहण्यासारखं आहे. तुरे रोजच असतात. ते दिसत नाहीत कारण आपल्या हवेत विखुरलेला सूर्यप्रकाश सूर्याभोवती झगझगाट करतो आणि त्यात ते बुडून जातात. काळी काच लावून उपयोग नाही, कारण ती झगझगाट आणि तुरा दोन्ही सारखेच मंद करते. लोलक मात्र दोघांना वेगवेगळं वागवतो. झगझगाटात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग असतात. लोलक ते लांबच लांब पट्ट्यात पसरवतो, त्यामुळे पट्ट्याच्या प्रत्येक भागाच्या वाट्याला थोडाच उजेड येतो. तुऱ्याचा प्रकाश तीन-चार नेमक्या रंगांतच असतो. लोलक त्या रेषा एकमेकींपासून लांब नेतो, पण एकेक रेषा पसरत नाही. पळीभर तूप जितक्या मोठ्या परातीत पसराल तितका थर पातळ होतो, पण त्यात टाकलेला मिरीचा दाणा परात केवढीही घ्या, दाण्याएवढाच राहतो. एकाऐवजी अनेक लोलक ओळीने लावा, मागचा झगझगाट आणखी फिका पडतो, रेषेचं तेज जवळपास तेवढंच. शेवटी रेषा पट्ट्यावर उठून दिसते.

त्यातही एक गंमत आहे. दिसणारी रेषा म्हणजे खरं तर फटीचीच प्रतिमा असते. फट अरुंद ठेवून सूर्याच्या कडेने सरकवत नेली की तुऱ्याचा आकार चिरी-चिरीने जोडता येतो. पुढच्याच वर्षी हगिन्स या इंग्रज खगोलज्ञाने फट सरळ रुंद केली आणि अख्खा तुरा एका दमात बघितला.

ग्रहणात शिजलेलं अन्न बाधतं, गरोदर बाईने विळी हातात धरू नये, असं सांगणाऱ्यांसाठी हीच गोष्ट पुरेशी आहे. ग्रहणात सूर्यातून नवं काहीही येत नाही. १८ तारखेला जे तुरे होते ते १९ तारखेला लख्ख उन्हातही सापडले. तेव्हा कुणी तुळशीपत्र शोधत नव्हतं.

लॉकियरच्या डोक्यात हीच युक्ती दोन वर्षं घोळत होती. जान्सेनने काय केलं याचा पत्ता नसताना त्याने २० ऑक्टोबरला लंडनमधून, तिथल्या धुरकट आकाशाखाली, तुऱ्यांच्या रेषा पाहिल्या. घाई नसल्यामुळे त्याने मोजमाप केलं. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही पिवळी रेषा निघाली ५८७.६ला. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही, पण वर्णपटात तेवढा पुरतो. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचली गेली आणि पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. फ्रँकलंड या रसायनतज्ज्ञाबरोबर लॉकियरने प्रयोगशाळेत ती रेषा हायड्रोजनकडून काढून घ्यायची खटपट केली. निघेना. मग नवं मूलद्रव्य मानलं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं.

अनेकांनी नाकं मुरडली, आणि त्याला कारण होतं. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात सोडियमच्या काळ्या रेषा ठळक असतात, मग हेलियमची काळी रेषा का नाही? उत्तर मिळायला पुंजभौतिकी, म्हणजे अणूच्या आतले नियम सांगणारं शास्त्र, यावं लागलं. हेलियमचा इलेक्ट्रॉन तळाच्या पातळीवर असताना पिवळा प्रकाश शोषूच शकत नाही. आधी त्याला सुमारे २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) वर चढावं लागतं, तिथून पुढची २.१ची पायरी म्हणजे ही पिवळी रेषा. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनचा, तिथे kT, म्हणजे एका अणूच्या वाट्याला येणाऱ्या उष्णतेचं माप, भरतं अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. किती अणू वरच्या पातळीवर असतील ते सांगणाऱ्या बोल्ट्झमनच्या सूत्रात e चा घात उणे ४२ येतो. एकावर अठरा शून्यं इतक्या अणूंमागे जेमतेम पाच-सहा त्या पातळीवर सापडतील. सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण चौथा हिस्सा हेलियम आहे, तरी काळ्या रेषांत त्याचा मागमूस नाही. पृष्ठभागाच्या वर क्रोमोस्फिअर नावाच्या थरात मात्र तापमान वाढतं, शिवाय त्याच्याही बाहेरच्या करोना या तप्त, विरळ आवरणातून येणारे अतिनील किरण इलेक्ट्रॉन पार उडवून लावतात. तो परत येताना पायरी-पायरीने उतरतो, आणि वाटेत पिवळा उजेड टाकतो.

पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५च्या मार्चमध्ये, रॅमसे या रसायनतज्ज्ञाने क्लीव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात टाकलं तेव्हा. म्हणजे लॉकियर विजयदुर्गच्या धक्क्यावर उतरला त्याआधी जवळपास तीन वर्षं हा वायू बाटलीत बंद झालेला होता. २२ जानेवारी १८९८ला मेल्पोमिनी या युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी धरून त्याने किल्ल्यावर जे केलं ते वर्णपटांच्या छायाचित्रणाचं काम होतं, आणि ते काही कमी मोलाचं नव्हे. विजयदुर्गला दिवस साजरा करायचाच असेल तर हा करावा.

त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेच ग्रहण टिपत होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती. ते निवृत्त झाल्यावर ती बंद पडली आणि तिथली २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्यांच्या नावाचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.