काँक्रीटच्या बीमला येणारा झोल

सेंटरिंगचे, म्हणजे ओल्या काँक्रीटला खालून धरणाऱ्या साच्याचे, टेकू काढले की बीम थोडा वाकतो हे साइटवर सगळ्यांनाच माहीत असतं, पण तो तिथे थांबत नाही, वरचं वजन तेवढंच राहिलं तरी पुढची काही वर्षं हळूहळू खाली येत राहतो. मिस्त्री लोक म्हणतात बीमला पोट सुटलं, इंजिनिअर त्याला क्रीप म्हणतात. घरात चार पाहुणे आले म्हणून हे होत नाही हां, भिंत, टाइल्स, गच्चीवरची टाकी असली कायम ठाण मांडून बसलेली वजनंच हे काम करतात.

होतं काय, तर बीमचा वरचा भाग दाबाखाली असतो आणि खालचा ताणात. ताण सळया घेतात आणि त्या काही हलत नाहीत, पण वरचं दाबलेलं काँक्रीट महिनोन्महिने आखूड होत जातं, मग बीम वाकणारच. शिवाय काँक्रीट सुकताना आकसतं, खाली सळया त्याला अडवतात, वर ते मोकळं आकसतं, म्हणजे हा वाकही खालीच. अमेरिकन एसीआय कोडचा, म्हणजे तिथल्या काँक्रीट बांधकामाच्या नियमांचा, ढोबळ हिशोब असा की वर दाबात सळया नसतील तर 5 वर्षांत सुरुवातीच्या वाकाच्या दुप्पट भर पडते, 6 मिमीचे शेवटी 18, आणि त्यातला बराचसा पहिल्याच वर्षात. वरच्या बाजूला सळया टाकल्या की हा आकडा उतरतो.

खरी गोम काँक्रीटच्या वयात आहे. आयएस 456:2000 या भारतीय काँक्रीट मानकात क्रीपचा गुणांक, म्हणजे वजन टाकताच काँक्रीट जेवढं दबलं त्याच्या किती पट पुढे दबत जाईल तो आकडा, 7 दिवसांच्या काँक्रीटवर वजन टाकलं तर 2.2, 28 दिवसांनी 1.6, वर्षाने 1.1. म्हणूनच 6 मीटरहून लांब गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, बीमखाली टेकू 21 दिवस ठेवायचे, पण पुढच्या स्लॅबला सेंटरिंगच्या प्लेटा हव्यात म्हणून ते काढायची घाई होते.

मोठं उदाहरण पलाऊ देशातलं. तिथला 1977 चा कोरोर-बाबेल्दाओब पूल, मधला गाळा 241 मीटर, मध्यभागी मीटरभराहून जास्त खाली बसला. 1996 मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच, 26 सप्टेंबरला, तो कोसळला, 2 माणसं गेली.

घरात मात्र बीम पडत वगैरे नाही, त्याच्यावरची भिंत तडकते, दार चौकटीत अडकतं, बाल्कनीतलं पाणी जाळीकडे न जाता कठड्याशी साचतं. मग लेव्हल करायला लोक वरून आणखी कोबा ओततात, म्हणजे परत कायमचं वजनच.