भरतकामाचे बिल्ले व गणवेशचिन्हे : जुन्यांची ओळख (नाशिक परिसर)

लष्कर, पोलीस, रेल्वे, होमगार्ड, स्काउट, शाळा अशांच्या गणवेशावर टोपीला, खांद्याला, बाहीला किंवा छातीला लावलेली, कापडावर धाग्याने अथवा जरीने भरलेली चिन्हे. जुना बिल्ला हाती आला की तो कोणत्या दलाचा, साधारण केव्हाचा आणि खरोखर अंगावर वागवलेला की हौशी लोकांना विकण्यासाठी नव्याने भरलेला, हे ठरवावे लागते. दल कोणते ते दर्शनी बाजू सांगते. बाकीचे बहुधा उलट बाजूवरून कळते आणि विकणारा नेमकी तीच बाजू दाखवायला नाखूश असतो.

नाशिक परिसरात असे बिल्ले घरोघरच्या ट्रंकांत निघतात, याला कारण आहे. देवळालीची छावणी १८६० च्या दशकापासूनची. विलायतेहून आलेल्या आणि परत निघालेल्या गोऱ्या पलटणी मुंबईच्या बोटीच्या आगेमागे येथे मुक्काम करीत. पुढे देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आणि नाशिक रोडला तोफखाना केंद्र आले. पोलीस प्रशिक्षण विद्यालय १९०९ मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्याहून नाशकात हलले. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. इगतपुरी आणि मनमाड ही तर रेल्वेचीच गावे. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ चे. एवढ्या गणवेशांच्या गावात शिंप्यांना काम कमी पडले नसणार.

शिंप्यांचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सरकारी पुरवठ्यातला बिल्ला नमुन्याबरहुकूम असे. पण बढती मिळालेला हवालदार किंवा नवी वर्दी शिवणारा अधिकारी छावणीच्या बाजारातूनही बिल्ला भरून घेई. त्यात गरुडाची चोच वाकडी, इंग्रजी अक्षर उलटे, रंग एखाद्या छटेने वेगळा असे चालून जाई. असा बिल्ला नमुन्याशी जुळत नाही म्हणून नकली ठरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. उलट, नको इतका नीटस बिल्ला आधी संशयाने पाहावा.

काळ ठरवण्यासाठी पहिली खूण मुकुटाची. घुमटासारख्या फुगीर कमानींचा मुकुट १९०१ नंतरच्या इंग्रज राजांच्या काळातला, मध्यभागी खचलेल्या कमानींचा एलिझाबेथ राणीच्या काळातला. भारतीय सैन्याने २६ जानेवारी १९५० ला मुकुट उतरवला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एलिझाबेथ गादीवर आली १९५२ मध्ये. म्हणजे राणीचा मुकुट असलेला ‘भारतीय पलटणीचा’ बिल्ला कोणी दाखवला तर तो एकतर ब्रिटिश फौजेचा किंवा बनावट. मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानीही दबक्या असतात, म्हणून कापड आणि धागा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. तसेच १५ ऑगस्ट १९४७ नंतरही अडीच वर्षे मुकुट कायम होता. मुकुट दिसला की ‘स्वातंत्र्यापूर्वीचा’ म्हणून मोकळे होता येत नाही.

खांद्यावरचा तारा हीसुद्धा तशीच खूण. जुना तारा ‘बाथ’ या ब्रिटिश मानचिन्हाच्या धर्तीचा, उभट चौकोनी आणि मध्ये तीन मुकुट असलेला, प्रजासत्ताकानंतरचा पाचकोनी. तोफखान्याच्या बिल्ल्यावर तोफेच्या वरचा मुकुट जाऊन तारा आला, आणि लॅटिन ब्रीदाच्या जागी ‘सर्वत्र’ आले. रेल्वेचे सोपे आहे : ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अक्षरे असतील तर बिल्ला ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे स्थापन होण्यापूर्वीच्या व्यवस्थेतला. स्काउटांची ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ची. पोलिसांच्या चिन्हात महाराष्ट्राचे नाव असेल तर तो १ मे १९६० च्या आधीचा असूच शकत नाही.

अवघड जातात ती डिव्हिजनची बाहीवरची चिन्हे. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा अग्निगोल, सतराव्या डिव्हिजनची काळी मांजर ही दुसऱ्या महायुद्धातली चिन्हे भारतीय सैन्यात पुढेही चालू राहिली. चित्र तेच, म्हणून निर्णय केवळ कारागिरीवर करावा लागतो.

हाताने भरलेल्या बिल्ल्याच्या मागे गाठी दिसतात, धागा एका अक्षरावरून दुसऱ्याकडे तिरका ओढलेला असतो आणि बऱ्याचदा खळीने चिकटवलेला कागद किंवा जाड कापड असते. यंत्राच्या कामात खालचा दोरा एकाच रंगाचा आणि टाके एकसारखे. यंत्र म्हणजे नवे, असे मात्र नाही. धोट्याचे भरतकाम यंत्र स्वित्झर्लंडमध्ये १८६३ सालीच निघाले. कडेने जाड ओव्हरलॉकची गोल किनार असेल, किंवा मागे प्लॅस्टिकचा थर असेल, तर महायुद्धाचा दावा सोडून द्यावा. जुन्या बिल्ल्याची कड बहुधा कापलेली किंवा आत दुमडलेली असते. ती दुमड नखाने हलकेच उचलून पाहावी : वापरलेल्या बिल्ल्यात आतले कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघते, कडेला सुईची वेडीवाकडी भोके आणि एखादा खाकी दोरा अडकलेला सापडतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला बिल्ला दुमडीच्या आतही तितकाच तपकिरी असतो.

नोटा तपासायचा जांभळा दिवा (नाशिक रोडच्या नोटांच्या गावात तो मिळणे कठीण नाही) येथेही कामी येतो. कापड पांढरेशुभ्र दाखवणारी रसायने महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, म्हणून दिव्याखाली निळसर चमकणारा धागा सहसा नंतरचा. अडचण एवढीच की पुढे कधीतरी टिनोपॉलमध्ये (असेच एक शुभ्र करणारे रसायन) धुतलेला अस्सल बिल्लाही चमकतो.

जरीच्या बिल्ल्यात सलमा, म्हणजे तारेची पोकळ गुंडाळी, बारीक तुकडे करून मण्यांसारखी ओवून पुठ्ठ्याच्या उठावावर बसवलेली असते. येवल्याच्या पैठणी विणकरांना जरीची पारख असते, आणि येथे तीच लागते. खरी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, ती काळवंडते. तांब्याची जर घासली गेली की लालसर दिसू लागते आणि दमट जागी हिरवी पडते. प्लॅस्टिकची जर वर्षानुवर्षे तशीच झगझगीत राहते, आणि शंभर वर्षांच्या बिल्ल्याला ते शोभत नाही.

काळवंडलेली जर चिंच, लिंबू किंवा पॉलिशने उजळू नये. मुलामा जातो आणि खालच्या लाल बनातीचा (जाड लोकरी कापडाचा) रंग पसरतो. लोकरी बनातीला कसर लागते, म्हणून बिल्ला प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता सुती कापडात, न दुमडता ठेवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून पाहावा. जुने बिल्ले बाळगणे एक आणि ते लावून आपण सैनिक असल्याचे भासवणे दुसरे. त्या दुसऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १६८ आहे.