झोपेतील मेंदूलहरी

झोपेतील मेंदूलहरी : मेंदूतील असंख्य चेतापेशींची विद्युत हालचाल एका तालात आली की ती डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या इलेक्ट्रोडांना लहरींच्या रूपात टिपता येते. या आलेखाला ईईजी (इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम) म्हणतात. लहरी अतिशय क्षीण असतात. त्यांची उंची मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागात मोजावी लागते. तरीही झोपेबद्दल आज जे नेमके ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग याच नागमोडी रेघांनी सांगितला.

जर्मनीतील येना येथे मानसोपचारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूलहरी पहिल्यांदा नोंदवल्या. पाच वर्षे पुन्हापुन्हा पडताळून १९२९ मध्ये त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. स्वतःचा मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरूनही त्यांनी अनेक आलेख घेतले. माणूस स्वस्थ बसून डोळे मिटतो तेव्हा सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लहर उमटते आणि डोळे उघडताच पुसली जाते. ईईजी काढताना तंत्रज्ञ मध्येच ‘डोळे मिटा, आता उघडा’ असे सांगतात, ते हीच लहर पाहण्यासाठी. डोक्याच्या मागच्या बाजूला ती सर्वांत ठळक दिसते. दृष्टीचे काम पाहणारा मेंदूचा पश्चखंड तिथेच आहे.

पेंग, डुलकी, गाढ झोप, साखरझोप ही मराठीतील नावे आलेखावरच्या टप्प्यांशी बरीच जुळतात. एसटीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशाची मान कलू लागते, तेव्हा अल्फा विरून ४ ते ७ आवर्तनांची थीटा लहर आलेली असते. अशा वेळी त्याला हलवले तर ‘मी कुठे झोपलो होतो?’ असे तो म्हणतो, आणि ते त्याला मनापासून वाटत असते. पुढच्या टप्प्यात मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते असे लहरींचे झुबके दिसतात. सुताच्या चातीसारखा आकार असल्याने त्यांना निद्राचाती म्हणता येईल. ते मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये जन्मतात. वास सोडून बाकीच्या संवेदना मेंदूच्या बाह्यकाकडे, म्हणजे बाहेरच्या थराकडे, जातात त्या थॅलॅमसमधूनच. झोपेत हे दार बरेचसे लोटले जाते, म्हणून रस्त्यावरच्या हॉर्नने प्रत्येक वेळी जाग येत नाही.

गाढ झोपेत सेकंदाला ४ पेक्षा कमी आवर्तनांच्या उंच, संथ डेल्टा लहरी येतात. मेंदू बंद पडला असे समजण्याची चूक इथेच होते. दिवसभरात जे शिकलो ते हिप्पोकॅम्पस हा स्मृती घडवणारा भाग या काळात पुन्हा उजळतो आणि बाह्यकात रुजवण्याचे काम चालते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी एक वेगळीच झोप जगापुढे आणली. ॲसेरिन्स्की यांच्याही सुरुवातीच्या नोंदी स्वतःच्या मुलावरच्या, आठ वर्षांच्या आर्मंडच्या होत्या. झोपलेल्या मुलाच्या पापण्यांआड बुबुळे भराभर फिरत होती आणि मेंदूलहरी जवळजवळ जागेपणासारख्या होत्या. हीच रेम झोप, म्हणजे शीघ्र नेत्रचलनाची झोप. फ्रान्समधील ल्यों येथे मिशेल जूव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की तिचा उगम मस्तिष्क-स्तंभातील, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठातील, पॉन्स या भागात आहे. डोळे आणि श्वासाचे स्नायू वगळता बहुतेक शरीर त्या वेळी लुळे पडते. पॉन्सच्या ठरावीक भागाला इजा केलेली मांजरे झोपेतच उठून झडप घालण्याचा आव आणत. भावना हाताळणारा अमिग्डाला तेव्हा जोरात असतो, तर सारासार विचाराचा पूर्वललाट भाग मंदावतो. स्वप्नात मेलेली माणसे बोलतात आणि आपल्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही, यामागे हे एक कारण मानले जाते.

सुमारे ९० मिनिटांचे हे चक्र रात्रीतून चार ते सहा वेळा फिरते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, उत्तररात्री रेमचा वाटा मोठा. साखरझोपेत स्वप्ने अधिक पडतात आणि त्यातून थेट जाग आल्याने ती आठवतातही. पहाटेचे स्वप्न खरे होते हा समज यावरच पोसला गेला असावा.

झोप-जागेची कळ मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात पसरलेल्या निद्रामेंदूज्वरात चेताविकारतज्ज्ञ कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांना व्हिएन्नात आढळले, की या भागाच्या पुढच्या बाजूला इजा झालेले रुग्ण झोपू शकत नव्हते, आणि मागच्या बाजूला इजा झालेले जागे राहू शकत नव्हते. जागेपण टिकवणारे ओरेक्सिन हे रसायन येथेच तयार होते; १९९८ मध्ये ते सापडले. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी हा दिवसाही अनावर झोप येण्याचा आजार होतो, आणि हसता हसता माणसाचे गुडघे वाकून तो खाली बसतो. दिवसरात्रीचे घड्याळही हायपोथॅलॅमसमध्येच, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असते.

वयानुसार लहरी बदलतात. तान्ह्या बाळाची जवळपास अर्धी झोप रेमसारखी असते. झोपेत ते हसते, ओठ मुडपते, तेव्हा घरातले ‘सटवाई हसवते’ म्हणतात. म्हातारपणी डेल्टा लहरी खूप कमी होतात, घड्याळही थोडे पुढे सरकते, आणि आजी चारलाच उठून चुलीपाशी जाते.