घट्ट ओळख आणि बंद ओळख: खेळाडूच्या पुढच्या करिअरला नेमकं काय अडवतं?

नाशिकच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या मुलीला ‘तू काय करतेस?’ विचारलं, तर ‘मी रनर आहे’ असं उत्तर येतं. कॉलेजचं नाव नंतर. घरच्यांना याचीच धास्ती वाटते. पण खेळात बुडालेली मुलगी (घट्ट ओळख) आणि दुसरी वाट कधी पाहिलीच नाही अशी मुलगी (बंद ओळख), या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खेळाडूपण किती घट्ट आहे, हे मोजायला क्रीडा मानसशास्त्रज्ञ ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रश्नावली मांडली. तिच्या प्रचलित रूपात ७ विधानं असतात, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण ७ ते ४९. ‘माझे बहुतेक मित्र खेळाडू आहेत’, ‘दुखापतीमुळे स्पर्धा चुकली तर मी खचून जाईन’, अशा धर्तीची विधानं. गुण ४५ आले तरी एवढंच कळतं की खेळ जिवाभावाचा आहे.

बंद ओळख म्हणजे पर्याय न पडताळता केलेली निवड. ही कल्पना मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये मांडली. दहाव्या वर्षी सरांनी आणि वडिलांनी ठरवलं, मुलीनं मान्य केलं, पुढे विचार थांबला. अशा मुलीचे गुण मध्यमही असू शकतात. करिअरच्या तयारीला दोन्ही गोष्टी अडसर ठरल्याचं अभ्यासात दिसलं आहे, म्हणूनच गल्लत होते. उपाय मात्र वेगळे आहेत.

ओळखायला साधे प्रश्न पुरतात. खेळाशिवाय काय करून पाहिलंस? ते का सोडलंस? ‘आवडलं नाही, कारण…’ असं कारणासकट उत्तर आलं, तर शोध झालेला आहे. ‘कधी विचारच केला नाही’ आलं, तर दार बंद आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘आता खेळ पुरे’ म्हणत सराव तोडणं. ओळखीवरच घाव बसतो आणि मूल आणखी हट्टानं तिलाच धरून बसतं. त्याऐवजी सीझन संपल्यावर दोन-तीन आठवडे एकच काम करून पाहू द्या: शालेय स्पर्धेत पंचांना मदत, फिजिओच्या क्लिनिकमध्ये निरीक्षण, लहान गटाला वॉर्म-अप शिकवणं. रोज काय जमलं, काय कंटाळवाणं वाटलं, ते दोन ओळींत लिहून घ्या. हे दुखापत होण्याआधी करायचं. दुखापतीनंतर तीच सूचना ‘तुझं खेळणं संपलं’ अशी ऐकू येते.

खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी मिळाली की प्रश्न सुटला, असं आपल्याकडे धरलं जातं. पगाराचा सुटतो. त्या खात्यात रोज काय काम असतं, हे अर्ज भरण्याआधी तिथल्या एखाद्या माजी खेळाडूला भेटून विचारा.